नव्या स्पीकरना जुना ॲम्प कोणता घ्यावा?

पौडफाटा

मंडळी नमस्कार. आजवर वाचनमात्र होतो, आता सल्ला हवाय म्हणून धागा काढतोय.

केईएफचे क्यू ३५० घेतले. कंपनीची नवी क्यू मालिका २०२४ मध्ये आली आणि दुकानदार आधीचा माल काढायला लागले, तेव्हा जोडी बऱ्या भावात मिळाली. पण त्यात खिसा खाली झाला. ॲम्पसाठी उरलेत तीस हजार, फार ताणलं तर बत्तीस. एवढ्यात नवा घेण्यापेक्षा वापरलेला, पण एक पायरी वरचा इंटिग्रेटेड (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात असलेला) ॲम्प घ्यावा असं मनात आहे.

सध्या स्पीकर एका जुन्या होम थिएटर रिसीव्हरला जोडलेत. वाजतात, पण दोन तानपुरे दोन म्हणून ऐकू येत नाहीत, मागे नुसती एक गुणगुण चालू असते. डग्ग्यावरची घिस, म्हणजे तळहात घासून काढलेला आवाज, तर गायबच आहे.

दिवाणखाना १२ बाय १५, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. सोफा स्पीकरपासून साधारण दहा फुटांवर. ऐकणं बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, त्यातलं बरंचसं आकाशवाणीच्या काळातलं, मोनो. अधूनमधून रॉक. वडिलांच्या एलपी आहेत आणि टर्नटेबल चालू आहे, त्यामुळे फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल थेट जोडायची सोय, असेल तर दुधात साखर. घरात सगळे झोपल्यावरच माझी बैठक बसते हेही सांगून ठेवतो.

नजरेत तीन नग आहेत. एनएडी सी ३२६ बीईई, २२ हजार, रिमोट आहे पण बिल नाही. यामाहा ए-एस ५०१, ३१ हजार, एकाच मालकाचा, बिल आणि खोकं दोन्ही आहे. तिसरा ऐंशीच्या दशकातला जपानी ॲम्प, २५ हजार. घासलेल्या ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, सुयांचे दोन मोठे मीटर, बघताक्षणी जीव जडावा असा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विकणारे गृहस्थ इथेच वावरत असले तर पंचाईत.

एनएडी ५० वॉटचा, यामाहा ८५ वॉटचा. हा फरक कानाला खरंच कळतो का?

बिनतारी

यामाहा. डोळे झाकून.

सोल्डरकाका

डोळे झाकून काहीही घेऊ नका, वापरलेला ॲम्प तर नाहीच.

पौडफाटा, आधी स्पीकरची पाठ बघा. ८ ओहम लिहिलं असेल. ते झालं नॉमिनल, म्हणजे नावापुरतं. केईएफच्याच तपशिलात क्यू ३५० चा किमान इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, ३.७ ओहम दिलाय. म्हणजे ठराविक सुरांना हा स्पीकर ४ ओहमच्या स्पीकरसारखा वागतो. ५० वॉटचा ॲम्प ८ ओहमला २० व्होल्ट देतो, तेव्हा अडीच अँपिअर करंट लागतो. तेच २० व्होल्ट ३.७ ओहमवर पडले की करंट होतो साडेपाच अँपिअरच्या आसपास. तो देताना ज्याचा ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय धापा टाकतो, त्याच्या डब्यावर १०० वॉट छापलेले असले तरी उपयोग नाही. तुमच्या रिसीव्हरचं दुखणं इथेच असावं, सात चॅनेलना मिळून एक बेताचा ट्रान्सफॉर्मर.

एनएडी याच कारणासाठी नावाजलेला आहे. सी ३२६ चे कागदावर ५० वॉट, पण क्षणभराची डायनॅमिक पॉवर ८ ओहमला १००, ४ ला १५० आणि २ ला २०० वॉट. यामाहाही ४ ओहमला घाबरणारा नाही. या निकषावर दोन्ही पास.

स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत? क्यू ३५० चा पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा बाहेर पडायचं भोक, मागे आहे, म्हणून विचारतोय.

तारसप्तक

वॉटचा हिशेब एकदाच मांडतो, म्हणजे पुन्हा पुन्हा कोणी विचारायला नको.

क्यू ३५० ची संवेदनशीलता ८७ डीबी, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८७ डीबी. पौडफाटा तीन मीटरवर बसतात. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराला साडेनऊ डीबी गळतात, घरात भिंती त्यातलं थोडं परत देतात, शिवाय स्पीकर दोन. गोळाबेरीज, एका वॉटला सोफ्यावर ८२-८३ डीबी धरा.

फ्लॅटमध्ये ७५ डीबी सरासरीने गाणं लावलं तर बऱ्यापैकी मोठं वाटतं, त्याला पाव वॉटही लागत नाही. तबल्याची थाप सरासरीच्या १५ डीबी वर उडाली, तरी पाच-सहा वॉट. बाकीचे वॉट कपाटात पडून.

५० वरून ८५ वॉटला गेलात की वाढ २.३ डीबीची. आवाज दुप्पट झाला असं कानाला वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दसपट वॉट. तेव्हा हा मुद्दा निर्णयातून काढून टाका.

खर्ज

तारसप्तक, हिशेब बरोबर, पण सोयीचा. रॉकचं काय? सरासरी ८५ डीबी आणि त्यावर २० डीबीच्या उसळ्या धरा. १०५ डीबीला तुमच्याच आकड्यांनी पावणेदोनशे वॉटच्या घरात जाल.

आणि मुळात जुना घ्यायचाच कशाला? वीम ॲम्पसारखा नवा क्लास डी (स्विचिंग पद्धतीने चालणारा) डबा घ्या, ८ ओहमला ६०, ४ ला १२० वॉट, स्ट्रीमर आतच, टीव्हीला एचडीएमआय, वॉरंटी. हातात मावतो आणि तापतही नाही. जुन्या मांडणीच्या प्रेमात पडलेली मंडळी वीस वर्षांपूर्वीच्या कपॅसिटरना सुगंध असल्यासारखं बोलतात.

तारसप्तक

१०५ डीबी? पुण्यातल्या सोसायटीत? पहिल्याच गाण्याला सेक्रेटरी दारात उभा राहील. पण मान्य, आवड तशी असेल तर वॉट हवेत. पौडफाटांची नाही.

सोल्डरकाका

खर्ज, वीमला माझा विरोध नाही. ज्याला फोनवरूनच ऐकायचंय त्याला मी तेच सांगतो. पण ह्यांच्याकडे एलपी आहेत आणि वीम ॲम्पला फोनो इनपुट नाही, वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागेल. तो एनएडीलाही घ्यावा लागेल, हे पौडफाटांनी २२ हजारांत मिळवून बघावं. यामाहात मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या सुईसाठीचा फोनो आतच आहे.

मृदुला_के

सगळे मोठ्या आवाजाबद्दल बोलताहात, त्यांनी लिहिलंय काय? "घरात सगळे झोपल्यावर."

आमच्याकडे बाळ झाल्यापासून माझंही ऐकणं रात्री साडेदहानंतरच. आवाज खाली आणला की सगळ्यात आधी खर्ज पळतो. (आयडीतला नव्हे.) तो ॲम्पचा दोष नसतो. आपले कानच तसे आहेत, हलक्या आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. जुन्या ॲम्पवर लाउडनेसचं बटण असायचं ते ह्यासाठी. पण नुसत्या बटणात गंमत अशी की ते ठराविक मापाची भर घालतं, तुमच्या स्पीकरना आणि आवाजाला ती जुळेलच असं नाही. मग डग्गा ढोल होऊन बसतो.

यामाहाच्या ए-एस मालिकेत लाउडनेसची फिरती कळ आहे. कळ सपाटवर ठेवून आधी व्हॉल्यूम तुमच्या कमाल पातळीला लावायचा, आणि तिथून खाली यायचं ते व्हॉल्यूमने नाही, लाउडनेसच्या कळीने. मधला भाग खाली जातो, खालचे-वरचे सूर जागेवर राहतात. रात्री हळू आवाजात विलंबित ख्याल लावला तरी डग्ग्याचा मींड घेतलेला घुमारा ऐकू येतो, तानपुऱ्याचा खर्ज षड्जही. शुद्धतावादी मंडळी टोन कंट्रोल बघून नाक मुरडतात. मुरडू देत. टोन कंट्रोल वगळणारं प्युअर डायरेक्टचं बटण दिलंय त्यांच्यासाठी.

जुनी_तबकडी

एनएडी ३०२० चं नाव अजून कोणी काढलं नाही? १९७८ चा, कागदावर अवघे २० वॉट, आणि त्याने भल्याभल्यांना घरी बसवलं. मिळाला तर तो घ्या!

सोल्डरकाका

काढणार हे माहीत होतं :) ज्या ब्योर्न एरिक एडवर्डसनने तो बनवला, त्याच्याच आद्याक्षरांचं बीईई त्या सी ३२६ च्या नावात आहे. पण ३०२० आता पंचेचाळीस वर्षांच्या पुढचा. दुरुस्तीची हौस असणाऱ्याला मी स्वतः शोधून देईन. ज्याला फक्त गाणं ऐकायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता पौडफाटा, तिन्ही नग बघायला जाल तेव्हाचं सांगतो. हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवे केईएफ सोबत नेऊ नका. घरात पडलेला एखादा साधा, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा स्पीकर न्या. ॲम्पच्या आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) येत असेल तर पहिला बळी स्पीकरचा जातो. एक मल्टिमीटर न्या, तपकीर गल्लीत दोन-चारशेत मिळतो. आपण पोहोचण्याआधी ॲम्प बंद ठेवायला विक्रेत्याला सांगा. तापवून ठेवलेला ॲम्प गोड वागतो, खोड्या गारठ्यात दिसतात.

सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून टक्क आवाज यायला हवा, तो प्रोटेक्शन रिले. आलाच नाही किंवा दोन-तीनदा टकटक झाली तर सावध. मग स्पीकर न जोडता, काही न वाजवता, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टला लावा. दोन्ही चॅनेल. दहा-वीस मिलिव्होल्ट असेल तर छान, पन्नासपर्यंत चालवून घेता येतं, शंभरच्या पुढे गेला तर तो दुरुस्तीचा नग समजून भाव करा नाहीतर निघा.

आता स्पीकर जोडा. व्हॉल्यूम, बॅलन्स, बास, ट्रेबल, सगळ्या कळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते, पण हजारभर रुपये पाडून मागायला हरकत नाही. अगदी बारीक आवाजात एक चॅनेल गायब आणि व्हॉल्यूम वाढवला की अचानक परत येतो, असं झालं तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळवंडलेत. रिले बदलून काम होतं, स्वस्त आहे. मुंबई-कोकणातून आलेल्या मालात हे फार, दमट हवा सगळे सॉकेट खाते.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. हलकी सुस्स चालेल. पन्नास-शंभर हर्ट्झची घुंई नको. ती आली तर केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स काढून परत ऐका, कित्येकदा चोर तो असतो.

वरच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारा. मोठे कपॅसिटर माथ्यावर सपाट हवेत, फुगलेले नकोत. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी आत जाऊन आलंय. गेला असेल तर का गेला, काय बदललं, हे विचारा. आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत असं म्हणाले तर माल कुठून आणला तेही. बाजारात सँकेनचा छाप मारलेले नकली ट्रान्झिस्टर आणि नकली एसटीके आयसी पोत्याने आहेत.

हे सगळं झाल्यावर निदान तासभर गाणं ऐका. चहा विचारतील, घ्या. तासाभराने वरचं झाकण कोमट हवं. एकच बाजू चटका देत असेल तर बायसिंगचा, म्हणजे ट्रान्झिस्टरना आधीपासून दिलेल्या करंटचा, घोळ.

एनएडीच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन (प्रीॲम्पचं आउटपुट आणि पॉवर ॲम्पचं इनपुट) जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या कड्या असतात, त्या आहेत ना बघा. त्या हरवल्या की आवाज येत नाही आणि लोक ॲम्प खराब म्हणून विकतात. एकदा मला त्यात लॉटरी लागलीय.

पौडफाटा

काका, साष्टांग. हे छापून खिशात ठेवतोय. भिंतीबद्दल विचारलंत, स्पीकर सध्या भिंतीपासून चार बोटांवर आहेत, टीव्हीच्या कपाटावर.

सोल्डरकाका

चार बोटं! ॲम्प घ्यायच्या आधी हे हलवा. फुकट आहे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो. इथे वापरलेले ॲम्प ढिगाने आणि स्वस्त. दिवाळीत पुण्याला येताना एक घेऊन आलो तर चालेल का? धाग्याशी संबंधित आहे म्हणून इथेच विचारतो.

सोल्डरकाका

मागचं लेबल वाचा. १२० व्होल्ट ६० हर्ट्झ एवढंच असेल तर इथल्या २३० ला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही ऐपतीचा, तीन-चारशे व्हीएच्या पुढचा. आणि ६० हर्ट्झसाठी काटोकाट बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, गुणगुणतो. काही मॉडेलना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तसा मिळाला तर आणा. बॅगेच्या वजनाचं आणि कस्टमचं तुमचं तुम्ही बघा.

पौडफाटांचा तो देखणा जपानीही १०० व्होल्टचा असणार, पैज लावतो.

पौडफाटा

जिंकलात. १०० व्होल्टच आहे. सोबत स्टेपडाउन देतो म्हणालेत.

बिनतारी

स्पीकर वायर कोणती घेणार? निदान पाच-सात हजारांची ऑक्सिजन-फ्री घ्या, नाहीतर सगळं पाण्यात.

तारसप्तक

इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर आणा. फिनोलेक्स घ्या, पुण्याचीच कंपनी आहे. तीन मीटर जायला तीन यायला, सहा मीटरचा रोध ०.०४ ओहम. स्पीकरच्या ३.७ पुढे एक टक्का. उरलेल्या पैशात गालिचा घ्या, त्या टाइल्सवर टाका. फरक तिथे ऐकू येईल.

बिनतारी

ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळं सारखंच.

तारसप्तक

डोळे बांधून ऐकायला या माझ्याकडे. चहा-पोहे माझे.

खर्ज

मी येतो. पोह्यांसाठी.

पौडफाटा

अपडेट देतो.

जपानी आधी पाहिला. गृहस्थ सज्जन, ॲम्प आमच्यासमोर सुरू केला, टक्क झाली, मीटरच्या पिवळ्या दिव्यात सुया हलल्या. खरं सांगू, तिथेच पाकीट काढलं असतं. मल्टिमीटर लावला तर उजवीकडे १४ मिलिव्होल्ट, डावीकडे १८० आणि हळूहळू चढतोय. दहा मिनिटांनी डाव्या बाजूने तापलेल्या बेकेलाइटसारखा वास. गृहस्थांना आकडा दाखवला तर म्हणाले, "जुन्या मालात एवढं असतंच." नमस्कार करून निघालो.

एनएडी ठणठणीत. डीसी आठ-नऊ मिलिव्होल्ट, कड्या जागेवर, कळांना किंचित खरखर. आवाज भरीव, मधले सूर फार गोड. मालकाने एका गायिकेची मैफल लावली होती, आवाज समोर येऊन बसला. २० हजारांत देतो म्हणाला.

यामाहा त्याच्या शेजारी थोडा कोरडा वाटला, हे मान्य करतो. पण खोल्या वेगळ्या, स्पीकर वेगळे, त्यामुळे त्या तुलनेला किती अर्थ आहे कोण जाणे. त्याचे आकडे दोन्हीकडे पाचच्या आत. स्क्रू कंपनीतून आल्यासारखे. मृदुलाताईंनी सांगितली तशी लाउडनेसची कळ फिरवून ऐकली, तिथे माझा निर्णय झाला. फोनो आतच, बिल हातात. २९ हजारांना सौदा ठरला.

दहा किलोच्या आसपासचा डबा ॲक्टिव्हावर पायाशी ठेवून आणला, चिंचवडपासून घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत. काकांचा कुरिअरबद्दलचा एक जुना प्रतिसाद वाचला होता, जड ट्रान्सफॉर्मर आत सुटून बोर्ड फोडतो म्हणून. दिल्लीहून कोणी पाठवतो म्हणाला तर मी तरी नाही म्हणेन.

घरी लावला. पहिल्या रात्री डग्गा घुमला, अगदी मंडपात ऐकल्यासारखा. स्पीकर कपाटावरून उतरवून स्टँडवर घेतले आणि भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, मागच्या पोर्टमध्ये सैलसर गुंडाळलेला मोजा घातला. आता घिस ऐकू येते, थाप आणि घिस वेगळ्या. मोजा एकाच पोर्टात ठेवलाय, कोपऱ्याकडच्या. तानपुरे दोन झालेत. अर्थात मोनो रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही मधोमधच बसणार, पण त्यांच्या जव्हाऱ्या निराळ्या लागल्यात एवढं कळतं.

सोल्डरकाका

झकास. एकच. यामाहाच्या मागे इम्पीडन्सचा खटका असेल. स्पीकर किमान ३.७ चे म्हणून तो लो वर टाकायचा मोह होईल. कागदोपत्री तेच बरोबर, पण लो वर ॲम्पला आतून व्होल्टेज कमी मिळतं आणि ताकद जाते. तुमच्या रात्रीच्या आवाजाला मी हाय वरच ठेवला असता. कधी पार्टीत तासन्‌तास जोरात वाजवणार असाल तर लो. बदलताना ॲम्प बंद करून.

मृदुला_के

लाउडनेसची कळ किती वाजता ठेवलीत? माझी दहाच्या काट्यावर असते.

पौडफाटा

अकराच्या. बाळ नाही ना घरात :)

खर्ज

तो २० हजारांचा एनएडी गेला का? नसेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तारसप्तक

वीमवाले, तुम्ही?

खर्ज

बायकोच्या माहेरी द्यायचाय.

पौडफाटा

व्यनि केलाय. कळांना खरखर आहे, क्लीनरचे पैसे पाडून मागा.